पावडरबाईंचं जाकीट

आमच्या कारखान्यात कपडे शिवत नाहीत, छापतात. मशीन बारीक पावडरीचे थर एकावर एक वितळवत जातं आणि शेवटी पांढऱ्या ढिगातून अख्खं जाकीट किंवा बूट उकरून काढावा लागतो. ते काम पावडरबाईंचं. छापलेलं कापड म्हणजे एकमेकींत अडकलेल्या बारीक कड्या; ब्रश घेऊन एकेका कडीतली पावडर झाडायची. संध्याकाळपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या. पॅकिंगवाला विचारायचा, "एवढी पावडर लावून कुणाच्या लग्नाला निघालात, बाई?"

"तुझ्याच. पण मुलगी पळून गेली म्हणे," त्या ब्रश न थांबवता म्हणायच्या.

जेवताना मात्र घरच्या गोष्टी. मुलगा, सून, दोन नातवंडं, मधूनच येऊन राहणारी नणंद. "पाय ठेवायला जागा नाही गं घरात," म्हणून हसायच्या. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर कड्या तपासते. मला हेवा वाटायचा, खरं सांगते.

घरी एवढी माणसं, म्हणूनच नवं जाकीट घालून बघायला त्यांना द्यायचं ठरलं. त्याच्या खांद्यांवर पाकळ्या होत्या. दुसरं माणूस हातभर अंतरावर आलं की त्या आपोआप उघडायच्या, दूर गेलं की मिटायच्या. डिझाइन करणारी पोरगी म्हणाली, "मावशी, तुमचं घर भरलेलं. आठवडाभर घरात घाला, भरपूर उघडमीट होईल."

पावडरबाई हातातल्या ब्रशकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या कुणाला दे ना." पण आम्ही सगळ्याच त्यांच्या मागे लागलो.

आठवड्याने त्यांनी जाकीट पिशवीतून आणलं आणि टेबलाशी उभं राहून अंगात घातलं.

"काय, उघडतंय ना नीट?" पोरीने लांबूनच विचारलं.

"नाही उघडलं."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

पोरगी जवळ गेली, तर पाकळ्या झटकन उघडल्या. मागे सरली, मिटल्या. पुन्हा पुढे, पुन्हा उघडल्या. तिचा चेहरा उतरला. पार बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते. मनात येईल तेव्हा चालणाऱ्या वस्तूचं काय करायचं? साहेब आले. म्हणाले, "कापून आत बघा. आणि हे डिझाइन बंद करा." कित्येक महिन्यांचं काम होतं तिचं. तिने जाकीट त्यांच्याकडून काढून घेऊन टेबलावर ठेवलं आणि डोळे पुसत कटर उचललं.

"थांब," पावडरबाई म्हणाल्या. "जाकिटात खोट नाही."

"अहो मावशी, घरात एवढी माणसं असून जर..."

"माणसं नाहीत. मुलगाबिलगा काही नाही. एकटीच असते मी."

पॅकिंगवाल्याने मान खाली घातली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. घरच्या गप्पा त्यांनी कितीही रचल्या असतील, कामाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. साहेब "बरं, मग ठीक आहे," एवढंच म्हणून निघून गेले. जाकीट पास झालं. पावडरबाई पाठ वळवून झाडायला लागल्या.

त्यानंतर त्या जेवताना गप्प. मी म्हटलं, "रविवारी आमच्याकडे या की." "येईन हं," म्हणाल्या. दोनदा बोलावलं, आल्या नाहीत.

पुढे बूट आले. चालणाऱ्याच्या पावलाप्रमाणे सोलचा आकार बदलणारे. ते घालून खूप चालायला हवं होतं. कुणाची मुलं लहान, कुणाच्या घरी आजारपण. साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि नेमकी पावडरबाईंवर थांबली. मी कड्या तपासायला घेतल्या.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मला वेळच वेळ आहे."

बूट परत आले तेव्हा सोल टाचेशी पार दबला होता, हुबेहूब त्यांच्या पावलासारखा. पोरीने आत हात घालून बघितलं. "मावशी, एवढं कुठे चालत गेलात?"

"कुठे नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसती चालत होते."