वऱ्हांड्यातली सातमाशी मंडळी

सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलांच्या दोन आया भेटल्या की गोष्टी निघायच्याच. आम्ही तर सहा-सात जणी, दर शनिवारी ठाण्यात डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. रेशनचे दिवस होते, आणि दिवस भरण्याआधी आलेलं मूल जगलं की लोक मुद्दाम बघायला यायचे.

माझ्या सुलूचा हात उचलून ठेवाल तिथेच पडून राहायचा, ओल्या पंचासारखा. सासूबाईंनी विचारलं, "हिला हाडं आहेत ना?"

"आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटात दाटीवाटीनं पाय मुडपून राहायचे शेवटचे दिवस हिला मिळाले नाहीत, म्हणून अंगात जोर नाही. ते दिवस आता तुम्ही द्या."

सासूबाईंनी जुन्या लुगड्याचं घरटं वळलं. त्यात सुलूला कुशीवर, मुडपून निजवायच्या. एके दिवशी तिनं आपणहून पाय पोटाशी ओढून घेतले, तर सासूबाईंनी शेजारणींना हाका मारून ते दाखवलं.

*

हौसाबाई कोलशेतची, मिठागरात काम करणारी. तिचा गणू दोनदा चोखून दमायचा आणि झोपायचा. ती कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. एका शनिवारी ती आली ती रडतच. आम्ही घाबरलो.

"आज अंगावर पिताना सोरतच नव्हता गो," ती म्हणाली. "बोट घालून सोरवला."

*

डॉक्टरबाई मुलांचं वय जन्मापासून नाही, दिवस भरायचे होते तिथपासून धरायच्या. हौसाबाईच्या सासूला ते पटेना. "मंग त्यो जन्माला आला कवा?"

"आला तेव्हाच आला, आजी. तयार आत्ता होतोय."

*

सुलू दीड वर्षाची होऊन गेली तरी चालेना. डोंबिवलीत आमच्या चाळीतली तिच्याबरोबरची मुलं धावायला लागलेली. ह्यांनी विचारायचंच सोडलं होतं. डॉक्टरबाईसुद्धा "चालेल" म्हणायच्या नाहीत, "बघू" म्हणायच्या.

त्या शनिवारी सुलू बाक धरून उभी होती आणि मी पिशवीत दुपटं शोधत होते.

"कोणी बोलू नका," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

मी वर पाहिलं. सुलूनं बाक सोडला होता. हात पसरून, डुलत डुलत ती वऱ्हांड्याच्या मध्यावर आली. तिथे धरायला काहीच नव्हतं. खाली कोणाच्या तरी वेणीतलं अबोलीचं फूल पडलं होतं. ती थांबली, आणि हळूहळू उकिडवी बसली. मी उठणार, तोच हौसाबाईनं माझा पदर धरला.

सुलूनं फूल उचललं, कशालाही न धरता पुन्हा उभी राहिली, आणि पुढे निघाली.

डॉक्टरबाई पायरीवरच बसल्या.