बोटवाले तात्या आणि बंद पडलेलं इंजिन

आमच्या ताडकळसचे बोटवाले तात्या कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. उमेदीची वर्षं बोटीच्या इंजिनघरात काढली. कान तिकडेच ठेवले, आवाज तेवढा गावाला घेऊन आले.

रविवारी सकाळी आमच्या टीव्हीवर अंतराळाची मालिका लागायची. नायकाने बटण दाबलं आणि यान सुटलं की तात्या उसळायचे, "आरं, तेल गरम केलं का? बोटीचं इंजिन आसं हुकमावर चालू होत न्हाई!"

मी शाळामास्तर, त्यातून मालिकेचा भक्त. म्हणायचो, "तात्या, हे पुढच्या काळातलं इंजिन आहे."

"काळ कंचाबी असू द्या. बंद पडलं तर? इमान घिरट्या घालत खाली तरी येतं. बोट पाण्यावर ऱ्हाती. अन् हे तुमचं यान? जायलंय ते जायलंयच! हुडकायचं कुठं?" मीही हट्टाला पेटायचो. चहा गार व्हायचा, मालिका संपायची, आणि कथेत काय झालं ते दोघांनाही माझ्या बायकोला विचारावं लागायचं.

तात्यांचा सुधाकरही बोटीवरच लागला होता. एका दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा निरोप आला : बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलंय, आणि त्यानंतर वायरलेसही लागत नाही. त्यात नामांतराच्या बंदमुळे एसट्या थांबलेल्या, परभणीला जाऊन चौकशी करायचीही सोय नाही. तात्यांच्या घरी काकूंनी हंबरडा फोडला. तात्यांनी काय करावं? उठून अंगणातल्या हौदात आमटीची रिकामी वाटी सोडली.

"बघ, हिला इंजिन हाय का? बुडायलीय का? बोट हाय ती, यान न्हाई. आसपासच घावंल." काकू जरा सावरल्या.

पण खरा आधार तात्यांनाच हवा होता हो! जेवण टाकलं, दिवसभर हौदाच्या कठड्यावर, तरंगत्या वाटीवर डोळे लावून. कावळा पाण्याला टेकला तरी हाकलायचे. कुणी घागर बुडवायला आलं की म्हणायचे, "हळू गं बाई, हळू." तो आवाज इतका बारीक, की कठड्याजवळ उभ्या मलाही जेमतेम ऐकू यायचा.

अखेर पोस्टातून बोलावणं आलं : सुधाकरचा फोन! तात्या अनवाणी पळाले, मी मागे. "सुध्या, जेवलास का? आरं, जेवलास का रं?" फोन तुटेपर्यंत एवढंच. मग बाकावर बसून ढसाढसा रडले. माझाही जीव भांड्यात पडला.

"तात्या, इंजिनाला झालं काय होतं?" मी विचारलं.

"इचारायचंच ऱ्हायलं बघा." ते डोळे पुसत म्हणाले, "इंजिन जाऊ द्या चुलीत. पोरगं बोललं, मास्तर!"