न शिवलेला कोपरा

माझ्या वहिनीने अठरा वर्षं परदेश फिरून आलेल्या बॅगा दुरुस्त केल्या, आणि ती स्वतः शहराच्या नाक्यापलीकडे फार तर चार वेळा गेली असेल. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, जाड कापड शिवायचं एक मशीन, खिळ्यांना टांगलेली हँडलं आणि डब्यांत भरलेली चाकं. शेजारच्या औषधांच्या दुकानात मी काउंटरवर उभी असते. मधली भिंत पातळ, त्यामुळे वहिनी गिऱ्हाइकाला काय सुनावते ते मला सगळं ऐकू येतं. "साहेब, चेन चांगली आहे, तुम्हीच वाईट भरता," असं ती बिनदिक्कत सांगते. गिऱ्हाईक रागावून जातं आणि आठ दिवसांनी तीच बॅग घेऊन मुकाट्याने परत येतं, कारण तिच्यासारखा टाका घालणारं गावात दुसरं कुणी नाही.

बॅग हातात आली की ती आधी हँडलला चिकटलेला विमान कंपनीचा कागदी टॅग कात्रीने कापते. कापलेले टॅग जमिनीवर पडायचे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची भिंगरी, शाळा सुटली की दुकानात यायची आणि ते गोळा करून वहीत चिकटवायची. अकरा वर्षांची पोर, पण टॅगवरची कुठली तीन अक्षरं कुठल्या विमानतळाची हे तिला तोंडपाठ. पोरखेळ म्हणून आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. एक दिवस तिने त्यातले पाच टॅग स्वतःच्या दप्तराला अडकवले आणि वर्गात सांगितलं की आम्ही सुट्टीत एवढ्या ठिकाणी जाऊन आलो.

महिनाभर सगळ्यांनी विश्वास ठेवला. पोरगी बोलण्यात कमी नाही, वर्णनंही झकास केली असणार. मग वर्गातल्या एका शहाण्याने टॅग नीट वाचला. त्यावर प्रवाशाचं नाव छापलेलं असतं. पाच टॅगांवर पाच वेगवेगळ्या माणसांची नावं होती आणि त्यात भिंगरी कुठेच नव्हती. त्या दिवसापासून तिला सगळे 'टॅगवाली' म्हणायला लागले. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली, आणि जी पोर घरात कुणाला बोलू द्यायची नाही ती विचारलं तेवढंच बोलायला लागली.

शाळेच्या मोठ्या बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं. दादाला कामावरून निघता येईना, म्हणून वहिनीबरोबर मी गेले. खरं तर तिचं तोंड आवरायला गेले.

"मुलगी खोटं बोलली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बोलली. मी तिला त्याबद्दल बोलले आहे."

"सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर माफी मागू दे. आणि घरच्या परिस्थितीची जरा जाणीव करून द्या तिला. म्हणजे असली स्वप्नं पडणार नाहीत."

वहिनीने मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली. मला वाटलं, निघाली. पण ती उभी राहून म्हणाली, "माफी मागेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मागेल."

"सुट्टीनंतर कशाला?"

"तोवर ती जाऊन आलेली असेल."

मोठ्या बाई हसल्या. ते हसणं मी आजही विसरलेले नाही, आणि वहिनी तर मुळीच नाही.

घरी आल्यावर दादाने कपाळाला हात लावला. माझा भाऊ पाणीपुरवठ्याचे पंप चालवतो. पाणी किती, नळ किती, याचा हिशेब करून जगणारा माणूस. तो म्हणाला, "अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अहो, अंथरूण आखूड असेल तर जोड लावता येतो. मी शिवणारी आहे."

मीही तिला विरोधच केला. खोटं बोललेल्या मुलीला चार शब्द सांगायचे सोडून तिला विमानात बसवायचं, म्हणजे चोराला बक्षीसच की. मी तसं स्पष्ट म्हटलं. वहिनी भडकली. "तिच्या खोट्याचं मी बघेन. पण बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? आपल्यासारख्यांनी तिथं जाण्याचं स्वप्नसुद्धा बघायचं नाही. खोटं बोलली याचा राग नाही आला त्यांना, आपण कोण ते विसरली याचा आला. ते मी ऐकून घेणार नाही." दुसऱ्या दिवशी मी माझ्या पासपोर्टचा अर्ज भरला.

सुट्टी सात महिन्यांवर होती. त्या सात महिन्यांत वहिनीने रविवार पाळला नाही. लोकांनी टाकून दिलेल्या बॅगा उचलून आणल्या, त्यांना चाकं लावून विकल्या. दादाला रजा मिळाली नाही, किंवा त्याने मागितलीच नाही, मी खोलात शिरले नाही. वहिनी, भिंगरी, तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ आणि मी, अशी चौघं जायचं ठरलं. देश कोणता, तर ज्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त तो. चार दिवस.

आता स्वस्त तिकिटाची गोम अशी की बरोबर फक्त हातातली बॅग नेता येते, तीही सात किलोची आणि विमान कंपनीच्या मापाच्या लोखंडी चौकटीत बसेल एवढीच. मोठी बॅग विमानाच्या पोटात टाकायची तर पैसे वेगळे, आणि ते आमच्या दोन दिवसांच्या खोलीभाड्याएवढे. वहिनी म्हणाली, आपला हात जगन्नाथ. तिने चार निळ्या बॅगा शिवल्या. रेनकोटचं हलकं कापड, एकेरी अस्तर. वजन वाढू नये म्हणून चाकं नाहीत आणि कोपऱ्यांना रबर नाही. आमच्या औषधांच्या दुकानाबाहेरचा वजनकाटा तिने इतका वापरला की मालक म्हणाले, वहिनींना पगारावर ठेवूया का.

विमानतळावर काउंटरच्या माणसाने आमच्याकडे एक नजर टाकली आणि चौकट पुढे ओढली. वहिनीने पहिली बॅग सोडली. ती साबणाची वडी डबीत बसावी तशी बसली. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या तशाच.

"कुठल्या कंपनीची आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या," वहिनी म्हणाली.

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पण भिंगरी काउंटरपासून हलेना. तिने हात पुढे केला होता. "काका, टॅग?"

"हातातल्या बॅगेला टॅग नसतो, बाळ. पोटात जाते तिलाच."

वहिनीचा चेहरा पडला. अठरा वर्षं जिने रोज टॅग कापले, तिच्याइतकं हे कुणाला ठाऊक होतं? पण सात महिने ती किलो आणि इंच यांत इतकी बुडाली होती की ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते तिने स्वतःच्या हातानेच शिवून बाहेर ठेवलं होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. तिने पर्स उघडली. "एक बॅग टाकायचे किती?"

त्याने आकडा सांगितला. भिंगरीने आईचा हात धरून पर्स बंद केली. "नको. मग आपण राहायचं कुठं?"

विमानात धाकटा ढग बघून बडबडत होता. वहिनी समोरच्या सीटच्या शिवणीकडे बघत बसली होती.

तिथलं काय सांगू? खोली पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत एक. सकाळी अंडी उकडायची, ब्रेडबरोबर डब्यात भरायची आणि दिवसाचा पास काढून ट्रामने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. वाटेत आवडेल तिथं उतरायचं. धाकट्याने ट्रामच्या सगळ्या चालकांना नमस्कार केले. भिंगरी त्या भाषेतले बारा शब्द पाठ करून आली होती, ते ती दिसेल त्याच्यावर वापरत होती. एका महागड्या हॉटेलासमोरच्या बाकावर आम्ही डबा उघडला, तर काचेआडचा एक माणूस घास हातात धरून आमच्याकडे बघायला लागला. मी लाजेने डबा झाकायला गेले. वहिनी म्हणाली, "झाकू नकोस. आपलं आपण खातोय." आणि तिने त्याच्याकडे असं रोखून बघितलं की त्याने खुर्ची फिरवली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मात्र वाटतं, बरं केलं.

घरमालकिणीच्या सुटकेसची चेन अडली होती. वहिनीने तिच्या हातातून ती घेतली, चेनीला मेणबत्ती घासली, रनर पकडीने जरा दाबला, झालं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या. मालकिणीने पैसे पुढे केले, वहिनीने हात मागे घेतला. तेव्हा ती आम्हाला एरवी कुलूप असलेल्या गच्चीवर घेऊन गेली. तिथून सगळं बंदर दिसत होतं, उभी जहाजं, पलीकडे डोंगर. भिंगरी कठड्याला टेकून जहाजं मोजत होती. मग म्हणाली, "आई, मी वर्गात जे सांगितलं होतं ना, ते असं नव्हतंच."

"मग कसं होतं?"

"यापेक्षा साधं होतं."

परतीच्या दिवशी आम्ही विमानाच्या दाराशी रांगेत होतो. विमान गच्च भरलेलं. गणवेशातली मुलगी म्हणाली, वर जागा कमी आहे, कुणी आपली हातातली बॅग पोटात टाकायला देईल का, पैसे लागणार नाहीत. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. भिंगरीने आईकडे बघितलं.

वहिनीने बॅगेवरून हात फिरवला. पोटात गेलेल्या बॅगांचं काय होतं ते तिने अठरा वर्षं पाहिलं होतं. वाकलेली हँडलं, फुटलेली चाकं, चिरलेली कापडं. आणि ही तर रेनकोटच्या कापडाची.

"वहिनी, फाटेल गं," मी म्हटलं.

"फाटू दे." मग भिंगरीला म्हणाली, "जा. दे."

भिंगरीने बॅग दिली. यंत्रातून कागद निघाला, त्या मुलीने तो हँडलला गुंडाळून चिकटवला. भिंगरीने वाकून वाचला. मग पुन्हा वाचला. त्यावर तिचं नाव होतं.

घरच्या विमानतळावर पट्ट्यावरून मोठमोठ्या कडक बॅगा आल्या आणि त्यांच्यामागून आमची निळी आली. एक कोपरा टराटरा फाटला होता, भिंगरीचा टॉवेल बाहेर लोंबत होता. लोक बघत होते. भिंगरीने धावत जाऊन ती उचलली आणि पहिल्यांदा टॅग जागेवर आहे का ते पाहिलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वहिनीने सवयीने सुई ओवली आणि बॅग मशीनवर घेतली. भिंगरीने मशीनच्या सुईखाली हात घातला. "शिवू नकोस. ही उद्या न्यायचीय."

वहिनी लढायच्या तयारीने निघाली होती. बसमध्ये ती मोठ्या बाईंना काय काय सुनवायचं ते घोकत होती, इतकं की कंडक्टरने दोनदा विचारलं, "मला काही म्हणालात का?" पण शाळेच्या फाटकाशी भिंगरी आम्हाला म्हणाली, "तुम्ही मागे उभ्या राहा. मला बोलू द्या."

प्रार्थना झाली. मोठ्या बाईंनी तिला पुढे बोलावलं. फाटकी बॅग घेऊन ती गेली.

"मागच्या वर्षी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "ते टॅग दुसऱ्यांचे होते. मी माफी मागते." मोठ्या बाईंनी मान डोलावली आणि तिला जायची खूण केली. ती गेली नाही. तिने बॅग वर उचलली. "हा माझा आहे. ज्याने तेव्हा वाचले होते त्याने हाही वाचावा. मोठ्याने."

तो मुलगा रेंगाळत पुढे आला. त्याने टॅग उलटसुलट केला आणि तिचं नाव वाचलं. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग त्याने फाटक्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हे कशानं फाटलं?"

"प्रवासानं," भिंगरी म्हणाली.

मी वहिनीकडे बघितलं. तिचं सगळं घोकलेलं भाषण तोंडातच राहिलं होतं आणि डोळे वाहत होते. मोठ्या बाईंकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

वहिनी आजही रोज टॅग कापते. मशीनवरच्या खिळ्याला अडकवलेल्या निळ्या बॅगेचा मात्र तिने कापलेला नाही. नवं गिऱ्हाईक वर बघतं आणि हटकून म्हणतं, "बाई, लोकांचं शिवता आणि तुमच्या बॅगेचा कोपरा शिवायचा राहिला वाटतं?"

भिंतीपलीकडून मला तिचं उत्तर ऐकू येतं. "राहिला नाही. ठेवलाय."