निवड समितीने फाडलेली पानं

दिल्लीतल्या मुनिरक्यातला माझा रूममेट पुस्तक निवडण्यात इतका वाकबगार होता की ते वाचायला त्याला सवडच मिळत नसे. आम्ही त्याला निवड समितीच म्हणायचो. कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे एकेक न मोजता मोजण्याचं गणित, घरीच शिकून त्याला एम. एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची होती. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर मानेसरच्या कारखान्यात नोकरी.

जाड पुस्तक त्याच्या मते धाक दाखवायचं, पातळ काहीतरी लपवायचं. ‘हे उघडच आहे’ असं लिहिणाऱ्या लेखकांवर त्याचा विशेष राग. “उघड असतं तर मी पुस्तक कशाला शोधलं असतं?” जुन्या पुस्तकांचा दुकानदार त्याला दुरून बघूनच विचारायचा, “भैया, आज लेना है या सिर्फ इंटरव्यू?” या इंटरव्यूत पहिला धडा मात्र वाचून व्हायचा. पहिला धडा त्याच्याइतका दिल्लीत कुणाला येत नसावा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मीच वैतागलो. “लेका, परीक्षा पुस्तक निवडण्याची नाहीये!”

तो संध्याकाळी एक मध्यम जाडीचं पुस्तक घेऊन आला आणि माझ्यासमोर त्यातली शेवटची, उत्तरांची पानं टराटरा फाडली. “आता दुकानदार परत घेणार नाही. ही तुझ्याकडे ठेव. मी उत्तर सांगेन, तू फक्त बरोबर की चूक सांग.” दहावीला गणितात जेमतेम पास झालेला मी असा त्याचा परीक्षक झालो. अधिकाराचा मला लगेच माजही आला.

परीक्षेत अर्थातच त्याचं झालं नाही. तो मानेसरला निघाला तेव्हा मी पानं पुढे केली. तो म्हणाला, “राहू दे यार, पुस्तक अजून चालू आहे.” मला तेव्हा फार वाईट वाटलं. हा आता कसला पुस्तक उघडतोय, असंही वाटलं.

पण कंपनीच्या बसमधून त्याचे फोन येऊ लागले. परवाचं गणित असं होतं: गोल टेबलाभोवती पाच जण, त्यातल्या भांडलेल्या दोघांना शेजारी बसवायचं नाही, किती तऱ्हांनी बसवाल? तो म्हणाला, “बारा.” पानावर दहा होतं. “चूक,” मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “छपाई चुकलीय. बाराच.” एवढं ठाम बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून मी किल्ली, पेन, चष्मा, कंगवा आणि काडेपेटी जमिनीवर गोलात मांडली. किल्ली जागेवर ठेवली, कंगव्याला तिच्या शेजारी येऊ दिलं नाही आणि बाकीचे फिरवत बसलो. बारा भरले. पुन्हा मांडले, पुन्हा बाराच.

मग मी छापलेलं दहा खोडलं, शेजारी बारा लिहिलं आणि त्याला फोन लावला. “बरोबर,” मी म्हणालो.