मंचरला तीन तास

शिकागोला जाणारं विमान मंचरला तीन तास थांबतं, हे अख्ख्या जगात फक्त आम्हा राजुरीकरांना ठाऊक होतं. आम्हाला ते कंट्रोलर आप्पांनी सांगितलं होतं.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी शिट्टी खिशात असायचीच. एकुलती एक लेक शोभाताई लग्न होऊन शिकागोला निघाली, तेव्हा ते शाळेत माझ्याकडे आले. मी भूगोल शिकवायचो. पृथ्वीच्या गोलावर आम्ही दोरा धरला. तेरा हजार किलोमीटरच्या आसपास, मधल्या थांब्यासकट बावीसेक तास, असं मी सांगितलं. आप्पांनी दोऱ्याची गुंडाळी करून मला परत दिली. मग म्हणाले, "गुरुजी, एवढं डोक्यात मावत न्हाई. आपली राजुरी-पुणे गाडी धरा."

आणि त्यांनी ती धरली. मुंबई म्हणजे राजुरी, शिकागो म्हणजे पुणे; मधले थांबे ओळीनं आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, चाकण. ताई विमानात बसली की आप्पा घड्याळ घेऊन ओट्यावर बसत. येणारा-जाणारा विचारी, ताई कुठवर गेली? आप्पा सांगत, नारायणगाव सोडलं. फ्रँकफर्टचा थांबा मध्यावर, म्हणजे मंचरला पडला. पण तो तीन तासांचा आहे हे कळल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. "मंचरला धा मिनिटं लई झाली. डायवरची सासुरवाडी हाय का तितं?" शोभाताई बापाचीच लेक. तिथून फोन करून ती एवढंच सांगे, आप्पा, मंचरला पोचले. मग पुण्याला पोचल्याचा फोन येईपर्यंत आप्पा जेवायलाही उठत नसत. मला मात्र हसू यायचं. शाळेत मी त्यांची नक्कलही करत असे, आता लाज वाटते.

आप्पा अचानक गेले. ताईचा निरोप आला, निघतेय, मला तोंड बघू द्या. आप्पांना बर्फाच्या लादीवर ठेवून एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी अंगणातली मंडळी सवयीनं हिशेब करू लागली. कुणी म्हणे चाकण सुटलं, कुणी म्हणे खेड आलं. विमान तिकडच्या रात्री सुटलं की इकडच्या, यावरच एकमत होईना. आप्पांचे थोरले चुलतभाऊ नामदेवतात्या म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकायला हवं. तेवढ्यात सरपंचांचा मोबाइल वाजला. ताई होती. "आळेफाट्याला आलेय," एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला, परत लागेचना.

आता हा आळेफाटा कुठला? आठ किलोमीटरवरचा, की आप्पांचा? आप्पांचा असेल तर ताई अजून विमानात, समुद्रावर. मग मुंबई, मग माळशेज घाट. विमानातून फोन लागत नाही, असं मी म्हणालो. अमेरिकेच्या विमानातून लागत असेल, तुम्ही कधी बसलाय का, असं तात्यांनी विचारलं. बसलो नव्हतोच. खांदेकरी तिरडीपाशी वाकले.

मी पुढे जाऊन उभा राहिलो. "तात्या, दहा मिनिटं थांबा. मंचरला आप्पासुद्धा दहा मिनिटं द्यायचे."

कुणी हसलं नाही. तात्यांनी घड्याळात पाहिलं आणि ते ओट्यावर, आप्पांच्या जागी बसले.

नवव्या मिनिटाला वळणावर जीप दिसली. शोभाताई अनवाणीच उतरली. "तात्या, उशीर झाला का?"

"न्हाई पोरी," तात्या म्हणाले, "गाडी टायमात हाय."