उशीखालची कवटी

ऐरोलीत मुलाकडे राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. वय साठ, म्हणजे अक्कल अजून यायची होती. मुलगा-सून ऑफिसला गेलेले आणि नात तापाने फणफणलेली. दुपारी तिची उशी सारखी करताना खालून पत्त्याएवढं एक कार्ड निघालं. त्यावर हातात कवटी धरलेली बाई, तिच्या बोटांतून हिरवा धूर आणि खाली कसलीशी चिन्हं. पोरीवर कुणीतरी करणी केली होती!

मीठ-मोहरी-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली आणि सगळं तव्यावर जाळलं. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं आमच्याकडे मानतात. इथे तर साधी शिंकसुद्धा नाही! मी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या. तरी काही नाही. पोर आता हातची जाते, या भीतीने मला रडूच फुटलं.

तेवढ्यात नात स्वयंपाकघराच्या दारात आली. "आजी, माझं कार्ड कुठंय?"

"हात लावू नकोस! कुणी दिलं ते?"

"माझंच आहे. आमच्या खेळातला बरं करायचा मंत्र आहे तो. आणि चिमणी चालू ठेवून तू काय भाजतेयस?"

सगळा धूर चिमणी ओढत होती. मी बावळटासारखं तिचं बटण बंद केलं आणि आम्ही दोघी खोकत गॅलरीत पळालो. पोरीच्या कपाळाला घाम सुटला होता. ताप उतरत होता. श्रेय मी मिरच्यांनाच दिलं, पण कार्ड मात्र तिला चिमट्यानेच परत केलं.