आगीला धावणारा चंद्रभान

गावाचं नाव सांगून काय करायचं? ताडकळसच्या बाजारापासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे. त्या गावात चंद्रभान नावाचा चार एकरांचा धनी होता, आणि आग म्हटली की त्याचे पाय घरात ठरत नसत. कडब्याची गंजी पेटो, गोठा पेटो, कुणाच्या चुलीतली ठिणगी छपरात जावो. लोक आधी चंद्रभानला हाक मारत आणि मग पाणी शोधत. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आई मनकर्णा म्हणायची, "आग म्हंजे ह्याचा सावत्र भाऊ हाय. दिसली की भांडायला जायलाय."

आग विझवायची गावाची एक रीत होती. आडावर दोर लावून दोघं पाणी शेंदायचे आणि भरलेल्या बादल्या हातोहात पुढं जायच्या. आग गावात असली तर रांग थेट पेटलेल्या दारापर्यंत. वेशीबाहेर बौद्धवाड्यात असली तर मात्र रांग वेशीपाशीच संपायची. तिथं गावातला माणूस आपली बादली उंच धरायचा आणि खाली धरलेल्या त्यांच्या बादलीत वरून ओतायचा. बादलीला बादली लागता कामा नये, समोर घर जळत असलं तरी. निम्मं पाणी धुळीत जायचं, त्याचा चिखल व्हायचा आणि त्यात पळणाऱ्यांचे पाय घसरायचे. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोडायची म्हटलं की मात्र सगळ्यांना धर्म आठवायचा.

ती मोडली चंद्रभाननं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. बौद्धवाड्यात बायनाबाईच्या छपराला आग लागली होती. म्हातारी एकटी राहायची, दोन शेळ्या तेवढ्या सोबतीला. लेक सरजाबाई पलीकडच्याच घरात नांदत होती. चंद्रभान वेशीत उभा राहून पाणी ओतत होता आणि सांडलेलं बघत होता. चार-पाच बादल्या ओतून झाल्यावर त्याचं डोकं फिरलं. सहावी बादली त्यानं ओतलीच नाही. ती घेऊन तो तसाच आत गेला, बायनाबाईच्या छपरावर चढला आणि मागून येणारी बादली सरजाबाईच्या हातातून घेऊ लागला. अर्धं घर वाचलं. मनकर्णेनं त्याला दारातच अंघोळ घातली, गोमूत्र शिंपडलं, आणि तो हसत राहिला. त्याचा चुलता दत्तराव हसला नाही. आडाचा दोर पिढ्यान्‌पिढ्या दत्तरावाच्या घराच्या ताब्यात असायचा आणि गावही बरंचसं त्याच दोराला बांधलेलं होतं.

बायनाबाई तेव्हापासून चंद्रभानला बापू म्हणायला लागली. आल्यागेल्याला सांगायची, "आमाला आता आगीचं भ्या न्हाई. हाक मारली की चंद्रभानबापू येतो." आपली आठवण कुणी अशी काढतं हे कुणाला आवडत नाही? चंद्रभानलाही आवडायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि माणसं अंगात आल्यासारखी करायला लागली. ज्यांनी जन्मात विद्यापीठ पाहिलं नव्हतं, ज्यांची पोरं चौथीच्या पुढं गेली नव्हती, त्यांचाच जीव त्या नावात अडकला. आठ दिवस पावसानं उघडीप दिली होती. एका दुपारी गावातलीच माणसं रॉकेलचे डबे घेऊन वेशीबाहेर गेली.

धूर दिसला तसा चंद्रभान आडाकडे पळाला. आडावर दोर नव्हता. दत्तरावानं तो आधीच काढून माजघरात टाकला होता आणि स्वतः दारात बसला होता.

"दोर द्या काका."

"आज न्हाई," दत्तराव म्हणाला. "आज गावातून थेंब जाणार न्हाई. तू गेलास तर तुझ्या शेताची वाट माझ्या बांधावरून हाय, ती बंद. बहिणीचं जमायलंय न्हवं औंदा? बघ मग कोण येतो लग्नाला."

दाराला कुलूप नव्हतं. दत्तराव साठीचा, चंद्रभान सव्वीसचा. एका हातानं म्हाताऱ्याला बाजूला सारलं असतं तरी भागलं असतं. दोर नसता तरी नुसत्या हातांनी माणसं ओढून काढता आली असती. पण ही अक्कल त्याला नंतर आली. त्या घडीला तो तिथंच दत्तरावाच्या ओसरीवर बसला. ओसरी उंचावर होती, तिथून वेस आणि वेशीपलीकडची छपरं दिसायची. तो बसून बघत राहिला. आयुष्यात तेवढीच एक आग त्यानं बसून बघितली.

सतरा घरं जळाली. बायनाबाई आतच जळून गेली.

पोलीस आले तेव्हा चंद्रभाननं सांगितलं, "मी त्या दिवशी ताडकळसच्या बाजारात व्हतो." दत्तरावानं मान डोलावली. बौद्धवाड्यानंही ते ऐकलं आणि कुणी काही बोललं नाही. आपलं खोटं खपलं असं चंद्रभाननं धरलं. बहिणीचं लग्न झालं, शेताची वाट चालू राहिली.

पाच वर्षांनी तालुक्याहून एक साहेब आला. परभणीचा बंब येईपर्यंत राखच उरते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणून गावातच स्वयंसेवक तयार करायचे होते. पगार नाही, भत्ता नाही. पंचायतीला दहा लाल बादल्या, दोन लोखंडी आकड्या आणि एक पितळी घंटा मिळणार होती. कागद फिरला तसे लोक खाली बघायला लागले. चंद्रभाननं पहिली सही केली आणि बराच वेळ दुसरी झालीच नाही.

शिकायला त्याला तीन दिवस मानवतच्या एका जिनिंगमध्ये पाठवलं. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीला नाक लावून सरकायचं. पेटलेल्या घरावर पाणी वाया घालवण्याआधी शेजारचं छप्पर आकडीनं ओढून पाडायचं. ओलं गोणपाट डोक्यावरून घ्यायचं. कापसाची गासडी वरून विझली तरी विश्वास ठेवायचा नाही, उकलून आत पाणी घालायचं. शिकवणाऱ्यानं विचारलं, "आगीत सगळ्यात आधी काय वाचवायचं?" कुणी दागिने म्हणालं, कुणी जनावरं. "माणूस," शिकवणारा म्हणाला. चंद्रभान उठून बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून बसला.

परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते नवा दोर आणायचं. तो त्यानं स्वतःच्या दाराबाहेर खुंटीला टांगला, कुणालाही घेता यावा असा. घंटा पंचायतीसमोरच्या लिंबाला बांधली. मग दहा वर्षं तो धावला. दत्तरावाचा गोठा पेटला तेव्हाही धावला, दोन म्हशी सोडवल्या आणि हात भाजून घेतला. ताडकळसहून माणसं बोलवायला यायची. एकदा कलेक्टर कचेरीतून शाबासकीचा कागद आला, तो त्यानं धान्याच्या कणगीत टाकून दिला.

पण बौद्धवाड्यातून हाक आली नाही. तिथं आग लागत नव्हती असं नाही. तिथं आता हातपंप होता आणि ते आपली आग आपण विझवत. घंटेकडे कुणी फिरकत नसे. दर वेळी चंद्रभानला दुसऱ्या दिवशी कळायचं. एकदा, फक्त एकदा तिकडून कुणीतरी आपल्याला हाक मारावी, एवढंच त्याला जगून हवं होतं. त्यानं हे बायकोला, कडूबाईला, बोलून दाखवलं. कडूबाई फटकळ होती, पण खोटं बोलत नसे.

"बैल गेला न् झोपा केला," ती म्हणाली. "आता कशाला बोलवतील तुमाला?"

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. चंद्रभानला धास्ती होती. तो सकाळपासून घंटेखाली बसला, गोणपाटं भिजवून, आकडी मांडीशी घेऊन. दत्तराव तोवर वारला होता आणि त्याच्या बरोबरीचे पुष्कळसे थकले होते. कुणी उठलं नाही. बौद्धवाड्यातून तेवढा हलगीचा आवाज येत होता. दिवस कलताना मात्र तिकडून धूर निघाला.

तो धावला. बेचाळीसचं अंग, तरी धावला. वेस ओलांडून आत गेला तर हातपंपापासून बायांची रांग लागली होती आणि बादल्या हातोहात जात होत्या. सरजाबाईचा जावई सिताराम छपरावर होता, शेजारचं छप्पर ओढून पाडत होता, अगदी बरोबर, शिकवल्यासारखा. कुणाची तरी चूल भडकली होती, दुसरं काही नाही. चंद्रभानच्या हातातली आकडी बघून रांग थबकली. पोरं आयांच्या मागं झाली. एका माणसानं दगड उचलला, मग ओळख पटली तसा खाली टाकला.

रांग पुन्हा सुरू झाली. चंद्रभान तिच्या कडेला उभा राहिला, पण मधे जागा कुणी केली नाही. आग विझली.

सरजाबाई रिकामी बादली घेऊन त्याच्यापाशी आली. तिचे केस पिकले होते. चंद्रभानच्या तोंडून इतक्या वर्षांचं एकदम निघालं.

"घंटा वाजवायची व्हती, सरजाबाई. निदान हाक तरी मारायची. एक डाव तरी हाक मारायची मला."

"मारली की," सरजाबाई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता.

"आईनं मारली व्हती. तीन डाव. मी हाताला धरून ओढायले, पर ती बाहेर निघंना. म्हणली, शेळ्या सोडू दे, तवर बापू येतोय. तो बघ ओसरीवर हाय, त्याचा पटका दिसायलाय."

सरजाबाई बादली भरायला पंपाकडे गेली. विझलेल्या छपराच्या आत अजून पाणी घालायचं राहिलं होतं.